विणकामाच्या सुईइतकी धार

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी डोंगरातल्या एग्माट गावाचा पाणीरक्षक ओडिलो रुप्पेन बेकरीसमोर भर रस्त्यात गुडघे टेकून बसला होता. हातात छातीएवढी उंच लोखंडी कांब. कांबीचं खालचं टोक रस्त्याखालच्या झडपेवर टेकवलेलं, वरच्या टोकाला वाटीसारखा लाकडी गोळा, आणि त्या गोळ्याला त्याचा डावा कान. उजवा कान तरुणपणीच गेला, धरणाच्या बोगद्यात सुरुंग उडवताना. डावा मात्र असा तल्लख राहिला, की त्याच्यापुढे कुणाबद्दल काही बोलायचं तर एग्माटची माणसं आधी रेडिओ लावतात.

"गुडघ्यावर बसून सहा दिवस झाले," बेकरीवाला कामिल दारातून म्हणाला. "अजून हो म्हणाली नाही का रे?"

"तू आधी ते पीठ मळायचं मशीन बंद कर. मळतोयस की दगड फोडतोयस? मला काही ऐकू येत नाही."

"मशीन बंद केलं तर उद्या लोकांनी काय तुझी कांब खायची?"

ओडिलोने पुन्हा कान गोळ्याला लावला. सहा दिवस तो गावभर जमिनीला कान लावत फिरत होता आणि जमीन त्याला काही सांगत नव्हती.

गोष्ट अशी होती. एग्माटची टाकी गावाच्या वर, रानाच्या कडेला आहे. टाकीच्या आतल्या भिंतीवर एक लाल रेघ आहे. रेघेच्या खालचं पाणी आगीसाठी राखीव. गाव सगळं लाकडाचं, घराला घर खेटलेलं. एक पेटलं तर सगळी पेटतील. त्यामुळे रेघेखालच्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. आणि सहा दिवसांपूर्वी पाणी रेघेखाली गेलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी ओडिलो टाकीचं दार उघडायचा आणि पाणी आणखी चार बोटं उतरलेलं दिसायचं.

सरपंच मेडार्ड कालबरमाटन हा त्याचा शाळेतला बाकावरचा जोडीदार. हिवाळ्यात तो स्की भाड्याने देतो आणि उरलेल्या वेळात गाव चालवतो. त्याने सोमवारीच सांगून टाकलं होतं.

"शनिवारी दुपारपर्यंत पाणी रेघेवर आण. नाही आलं तर संध्याकाळी पंचायतीत मी खालच्या रिसॉर्टची पाइपलाइन मंजूर करून घेणार. पाणी त्यांचं, झडपा त्यांच्या, माणसंही त्यांचीच. कटकट मिटली."

"आणि आपले झरे?"

"त्यांना कुलूप. दोन ठिकाणचं पाणी एका नळात सोडलेलं तपासणीवाल्यांना चालत नाही."

"मेडार्ड, ते तळ्याचं पाणी आहे. ते लोक त्याचा मशीनने बर्फ करून उतारावर फवारतात. त्यातून उरलेलं आपण प्यायचं?"

"उरलेलं तरी आहे त्यांच्याकडे. तुझ्याकडे काय आहे?"

हे त्याला लागलं. तीन झरे होते त्याच्याकडे. शेळीचा, काळा आणि सासूचा. सासूचा अशासाठी, की तो कधीच पूर्ण आटत नाही आणि कधीच पुरेसा येत नाही. सत्तावीस वर्षं दर सोमवारी, गुडघाभर बर्फ असो की कंबरभर, तो वर चढून प्रत्येक झऱ्याखाली बादली धरायचा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहायचा. त्याच्या आधी त्याचा बाप थेओडुल लिहायचा. गेल्या उन्हाळ्यात पाऊस कमी, पानगळीत त्याहून कमी. काळ्या झऱ्याला बादली भरायला एरवी नऊ सेकंद लागत, यंदा चौदा लागत होते. पण चौदा सेकंदांतही गावाला पुरेल इतकं पाणी टाकीत पडत होतं. त्याचा हिशोब तसं सांगत होता. मग जात होतं कुठे?

ओडिलो मुळात असा, की वाहत्या पाण्याचा आवाज आला की त्याला दुसरं काही सुचत नाही. कुणाकडे जेवायला गेला आणि यजमानीणबाईंनी नळ सोडून भाजी धुवायला घेतली, की याचा घास तोंडापाशी थांबतो. एकदा जुन्या शिक्षकांच्या अंत्यसंस्काराला, पाद्रीबुवा ऐन प्रार्थनेत असताना, हा रांगेतून उठला, मागच्या खोलीत गेला आणि संडासाच्या टाकीचा गळका चेंडू ठीक करून परत येऊन बसला. लोकांना वाटलं, रडायला गेला असेल. पोस्टाची खिडकी सांभाळणारी त्याची बायको आडेलिना सगळ्यांना सांगते, "मी लग्न केलं तेव्हा मला वाटलं होतं, माणूस शांत आहे. शांत कसला! तो ऐकत असतो."

अशा माणसाला सहा दिवस गळती सापडत नव्हती, म्हणजे विचार करा.

पहिल्या चार दिवसांत त्याने रस्ता दोन ठिकाणी फोडला. उणे पंधरात जमीन कसली, लोखंडच ते. हवेच्या दाबावर चालणारं ड्रिल लावून दीड दिवस खोदलं, तेव्हा खाली नळ निघाला. कोरडा ठणठणीत, नव्या नवरीसारखा गुंडाळलेला. येणारे जाणारे खड्ड्यात डोकावत होते.

"तेल लागलं का, ओडिलो?"

"लागलं की पहिली तुझ्याच अंगावर ओततो."

दुसरा खड्डा खोदला तोही तसाच. मंगळवारी दुपारी जेवणानंतर त्याने चारही आळ्या एकामागून एक अर्धा अर्धा तास बंद केल्या आणि टाकीच्या मीटरपाशी बसून राहिला. साधी गोष्ट आहे: ज्या आळीत नळ फुटलाय ती बंद केली की मीटरचा काटा धाडकन पडायला हवा. काटा पडला, पण चारही वेळा थोडा थोडा. एकाच मापाने. जणू चारही आळ्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं. ओडिलोने मीटरला एक लाथ घातली. मीटर बरोबर होता.

म्हणून तो बुधवारी पुन्हा कांब घेऊन बेकरीसमोर बसला होता. तेवढ्यात वरच्या खिडकीतून हाक आली.

"ए थेओडुलच्या पोरा! रस्त्यात लोळून झालं असेल तर वर ये. माझ्या तळघरातली पाण्याची मुख्य चावी घट्ट झालीय, फिरत नाही."

ही क्रेसेन्झ मावशी. वय एक्क्याऐंशी. ओडिलो अठ्ठावन्न वर्षांचा असला तरी तिच्या लेखी तो अजून थेओडुलचा पोरगाच. रागाने डोकं भणभणलेलं असूनही तो गेला, कारण क्रेसेन्झ मावशीला नाही म्हणायला गावात अजून कुणी शिकलेलं नाही.

तळघरात बटाटे, चीजच्या तबकड्या, जुनी घसरगाडी. आणि कोपऱ्यातला नळ वाहत होता. बारीक, अखंड, सरळ धार खालच्या मोरीत पडत होती. आवाज इतका कमी की वर घरात कळणार नाही. रस्त्यावर कांबीला तर नाहीच.

ओडिलो चावीला तेल घालत होता. हात पुसताना त्याचं लक्ष नळाच्या वर भिंतीकडे गेलं. तिथे पिवळा पडलेला एक छापील कागद खिळ्याने ठोकलेला होता. त्याला तो पाठ होता, तरी त्याने वाचला.

*पारा उणे दहाच्या खाली गेला की प्रत्येक घराने तळघरातला नळ विणकामाच्या सुईइतका चालू ठेवावा. जो ठेवणार नाही, त्याची फुटलेली नळी त्याच्या माथी. पाणीरक्षक, थेओडुल रुप्पेन. १९६३.* खाली गावाचा शिक्का.

"मावशी, हा कधीपासून चालू आहे?"

"वीस जानेवारीपासून. थंडी पडली त्या दिवसापासून. दरवर्षी सोडते. का, धार जाड झालीय का? तुझा बाप यायचा तपासायला. खिशात खरीखुरी सुई घेऊन. धारेशेजारी धरायचा आणि म्हणायचा, क्रेसेन्झ, तुझी धार मापात आहे, शेजारणीची मोज्यांच्या बारीक सुईएवढी आहे, तिला सांग."

ओडिलो खाली बटाट्यांच्या पोत्यावर बसला.

हा कागद त्याच्याही तळघरात होता. त्याच्याही तळघरातला नळ वीस जानेवारीपासून चालू होता. त्याने स्वतःच्या हाताने सोडला होता, दरवर्षीसारखा, बापाच्या मापाने. संडासाच्या गळक्या चेंडूसाठी प्रार्थनेतून उठणारा हा माणूस रोज त्या नळापाशी जाऊन बटाटे घेऊन यायचा आणि त्याला ते पाणी वाया जातंय असं एकदाही वाटलं नाही. कारण ती गळती नव्हती. तो हुकूम होता.

बादली मागवून त्याने धारेखाली धरली आणि घड्याळ लावलं. दहा लिटरला दहा मिनिटं. म्हणजे दिवसाला चौदाशे चाळीस लिटर, एका तळघरातून. त्रेसष्ट साली गावात साठ घरं होती आणि जमिनीतले नळ हातभर खोलही नव्हते. त्या वर्षीच्या थंडीत अर्ध्या गावाचे नळ फुटले म्हणून बापाने हा कागद काढला. आज नळ माणूसभर खोल, वर गुंडाळलेले, आणि तळघरं एकशे सेहेचाळीस. निम्मी सुट्टीवाल्यांच्या फ्लॅटची. त्यांच्या बांधणाऱ्यांनी शेजारच्या घरातला कागद बघून त्याच्या प्रती काढून चिकटवल्या होत्या. एका इमारतीत तर चौकटीत घालून, तीन भाषांत. दिवसाला दोन लाख लिटर. अख्खी टाकी, रोज, सुईसुईने मोरीत.

"फुटलेलं काहीच नाही," तो म्हणाला. "मावशी, मी दोन खड्डे खोदले."

"बघितले मी खिडकीतून. दुसरा पहिल्यापेक्षा बरा होता."

"नळ बंद करतो."

"हात लावून बघ!"

"अगं मावशी, आता नळ खोल आहेत. नाही गोठत."

"तुझ्या बापाने सांगितलंय चालू ठेव. तो कागद त्याने ठोकलाय. आणि नळी फुटली तर माझ्या माथी, असं खाली लिहिलंय. वाचता येतं ना तुला?"

"पण पाणीरक्षक आता मी आहे!"

"हो का? मग तुझा कागद कुठाय?"

इथे ओडिलोचं खरं दुखणं सुरू झालं. गळती शोधणं सोपं होतं म्हणायचं. त्या दुपारी तो बावीस घरी गेला. बावीस घरी त्याला तेच उत्तर मिळालं, वेगवेगळ्या चेहऱ्यांनी. कामिल म्हणाला, "माझा नळ सुईएवढाच आहे रे, त्याने काय फरक पडतो? जा, त्या फ्लॅटवाल्यांना धर." फ्लॅटचा रखवालदार म्हणाला, मालक परदेशात आहेत आणि कागद चौकटीत आहे. एका घरी घरच्यांनी त्याच्यासमोर नळ बंद केला, मान डोलावली, कॉफी पाजली. संध्याकाळी अंधार पडायच्या आत त्याने परतताना त्याच घराच्या झडपेला कांब लावली. आता काय ऐकायचं हे माहीत असल्यावर त्याला ऐकू आलं: सूंऽऽऽ. त्याने दार वाजवलं.

"बंद केलात ना मघाशी?"

"केला होता. मग सासूबाई म्हणाल्या, थेओडुलमामांचा शब्द आहे."

बापाला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. गावाने बापाचं ऐकायचं थांबवलं नव्हतं. ओडिलोचं ऐकायला मात्र अजून सुरुवात व्हायची होती. घरी येऊन त्याने पहिला आपला नळ बंद केला, तो इतका आवळून की आडेलिना वरून म्हणाली, "नळाचा जीव घेतोयस का?"

गुरुवारी सकाळी तो मेडार्डच्या दुकानात गेला. हातात स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद: तळघरातला नळ बंद करा. आजपासून. ओडिलो रुप्पेन.

मेडार्ड कुणाच्या तरी पायाला बूट चढवत होता. त्याने कागद वाचला आणि हसला.

"तुझ्या बापाचा कागद साठ वर्षं टिकला. तुझा शनिवारपर्यंत टिकला तरी पुष्कळ."

"शिक्का मार."

"आणि उद्या पाच तळघरांत नळ्या फुटल्या तर लोक माझ्या दुकानात येणार."

"तुझ्या तळघरातला नळ चालू आहे का, मेडार्ड?"

मेडार्डने बुटाचा पट्टा ओढला. गिऱ्हाईक ओरडलं.

"चालू आहे," ओडिलो म्हणाला. "सुईच्या डबल. येताना ऐकलं मी. गावाकडे पाणी नाही म्हणून तू पाइपलाइन आणायला निघालायस, आणि तुझं तळघर रात्रंदिवस मोरीला पाणी पाजतंय."

"आवाज खाली कर, गिऱ्हाईक आहे." मग कागद परत सरकवत, "खाली असं लिही की नळी फुटली तर जबाबदारी तुझी. सही कर. मग शिक्का देतो."

ओडिलोने लिहिलं आणि सही केली. एकशे सेहेचाळीस तळघरांच्या नळ्या अंगावर घेणारी सही. आडेलिनाने पोस्टातल्या मशीनवर प्रती काढल्या. "वेडा आहेस," ती म्हणाली, आणि खिडकी बंदची पाटी लावून निम्म्या प्रती स्वतः घेऊन निघाली.

गुरुवार, शुक्रवार दोघं तळघरं चढत-उतरत होती. ओडिलोने एक गोष्ट मात्र केली नाही. बापाचा कागद फाडला नाही. शिक्क्याचा नवा कागद त्याच्या खाली ठोकला आणि नळ समोर बंद करून घेतला. क्रेसेन्झ मावशीने चष्मा लावून शिक्का उजेडात धरून पाहिला, सही पाहिली, आणि म्हणाली, "म्हणजे फुटली तर तुझ्या माथी?"

"माझ्या."

"मग कर बंद. तुझ्या बापाने लोकांच्या माथी मारलं होतं. तो हुशार होता."

शनिवारी सकाळी टाकीचं दार उघडलं तेव्हा पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं. पण काल संध्याकाळी ते हातभर खाली होतं. नऊ दिवसांत पहिल्यांदा पाणी चढत होतं. ओडिलो काठावरच बसला. अकराला तीन बोटं. बाराला मेडार्ड धापा टाकत वर आला, टॉर्च मारली आणि म्हणाला, "दोन बोटं खाली आहे."

"चढतंय."

"दुपारपर्यंत म्हटलं होतं."

"दुपार संपलीय का? तुझ्याकडे दुपार किती वाजता संपते? जेवल्यावर?"

"मला भूक लागलीय, ओडिलो."

"बस इथे. राय धान्याचा पाव आहे, वाळवलेलं मांस आहे. खा आणि बघ."

मग दोघे अठ्ठावन्न वर्षांचे पुरुष टाकीच्या काठावर पाय सोडून, एका सुरीने मांस कापत, पाण्याकडे बघत बसले. पाणी चढताना दिसत नाही, हाच त्याचा वैताग आहे. उतरताना मात्र कसं दिसतं! दीडच्या सुमाराला ओडिलोचा फोन वाजला. आडेलिना.

"तळघरात पाणी झालंय," ती म्हणाली. इतक्या मोठ्याने की मेडार्डला ऐकू गेलं. "तुझ्या बापाच्या वेळची ती शिशाची नळी. फुटली. मी मुख्य चावी बंद केलीय. बटाटे पोहतायत."

गावातल्या सगळ्या नळ्या गेल्या वीस वर्षांत ओडिलोने बदलल्या होत्या. एक राहिली होती. स्वतःच्या घरी काम करायला त्याला वेळ कधी मिळाला?

मेडार्ड हसायला लागला, आणि टाकीत त्याच्या हसण्याचा इतका घुमारा उठला की ओडिलोला वाटलं, याला आत ढकलावं.

"एकशे सेहेचाळीस तळघरांची सही केलीस, आणि फुटली कुणाची!"

"हस. हसून घे. पाणी बघ."

सव्वादोनला पाणी रेघेला टेकलं. मेडार्डने दोनदा टॉर्च मारून पाहिलं, बोट लावून पाहिलं, आणि म्हणाला, "टेकलंय. पण जेमतेम." ओडिलोला त्याच्याकडून याहून बरं काही अपेक्षित नव्हतं.

पण तो खाली पोचेपर्यंत बातमी गावभर झाली होती. पाणीरक्षकाच्याच घरी नळी फुटली! पोस्टापासून बेकरीपर्यंत येताना त्याने चालता चालता पाच झडपांना कांब लावली. तीन घरांतून पुन्हा सूंऽऽऽ. त्याने एकेक दार वाजवलं. एकेकाशी भांडला. एका ठिकाणी 'नळी फुटली तर जबाबदारी माझी' हे त्याचं स्वतःचं वाक्य त्यालाच वाचून दाखवण्यात आलं, सहीसकट. संध्याकाळी पंचायतीत चिठ्ठ्या टाकून चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं, की पाइपलाइनचा विषय ईस्टरनंतर, बर्फ वितळल्यावर घ्यायचा. म्हणजे झरे दोन महिने वाचले. मेडार्डचं मत कुठल्या बाजूला पडलं ते तो सांगत नाही, आणि ओडिलो विचारत नाही.

नवी नळी मंगळवारी येणार होती. रविवारी सकाळी ओडिलो दोन बादल्या घेऊन क्रेसेन्झ मावशीच्या दारात उभा राहिला. एग्माटच्या पाण्याचा रक्षक, शेजारी पाणी मागायला.

"दोन बादल्या?" मावशीने वरून खाली पाहिलं. "दोघंच तर आहात घरात."

"स्वयंपाकाला, भांड्यांना..."

"भांडी राखेने घासायची आणि पुसायची. आम्ही तेच करायचो. एक बादली ने."

"मावशी, मी आठवडाभर या गावाचं पाणी वाचवलंय."

"म्हणूनच सांगतेय," मावशी म्हणाली आणि त्याला तळघरात नेऊन तिने नळ उघडला. बादली तीन चतुर्थांश भरली, तेव्हा तिने तो बंद केला.